बोनेअरच्या प्रवाळांतील चिमुकल्या जिवांचे छायाचित्रण : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण भागात, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर बोनेअर नावाचे एक लहानसे, कोरडे, निवडुंगांनी भरलेले बेट आहे. २०१० पासून ते नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. तेथील चलन अमेरिकी डॉलर आहे आणि लोक आपसांत पापियामेंतू भाषा बोलतात. समुद्रात उतरणाऱ्यांना मात्र हे बेट वेगळ्याच कारणासाठी ठाऊक असते. येथे बोटीची गरज पडत नाही. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करावी, हवेची टाकी पाठीवर घ्यावी आणि चालत पाण्यात उतरावे. थोडे अंतर पोहून गेले की प्रवाळाचा उतार पायाखाली सुरू होतो.

मॅक्रो छायाचित्रण, म्हणजे बोटाच्या पेरापासून नखापर्यंतच्या आकाराच्या जिवांची अगदी जवळून घेतलेली चित्रे, शिकण्यासाठी याहून सोयीची जागा माझ्या मते कॅरिबियनमध्ये नाही. बोटीवरून होणाऱ्या डाइव्हमध्ये वाटाड्या पुढे आणि गट त्याच्या मागे असतो, त्यामुळे एखाद्या कोळंबीपाशी दोन मिनिटे थांबले तरी बाकीचे पुढे निघून जातात. बोनेअरमध्ये सोबत्याची तयारी असेल तर प्रवाळाच्या एकाच ढेकळापाशी अर्धा तास घालवता येतो. नवख्याला खरी गरज या वेळेचीच असते. चांगला कॅमेरा विकत मिळतो, पण पाण्यात न हलता तरंगत राहणे आणि समोरच्या जिवाला आपली सवय होईपर्यंत वाट पाहणे या गोष्टी वेळ दिल्याशिवाय येत नाहीत, आणि मॅक्रो चित्राचे यश बव्हंशी त्यांवरच अवलंबून असते.

पहिली पायरी : कॅमेऱ्याविना उत्तम पाणबुडा होणे

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला सहलीला गेल्यावर प्रशिक्षकाने धरून पाण्याखाली फिरवून आणलेले असते, त्यालाही आपल्याकडे 'स्कूबा केले' असे म्हणतात. तो अनुभव सुंदर असतो, पण ते प्रमाणपत्र नव्हे, आणि तेवढ्या भांडवलावर बोनेअरमध्ये कोणीही भाड्याने टाक्या देणार नाही. त्यासाठी ओपन वॉटर अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात १८ मीटर खोलीपर्यंत सोबत्याबरोबर स्वतंत्रपणे उतरण्याची पात्रता मिळते. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना हे शिक्षण तारकर्लीच्या स्कूबा प्रशिक्षण संस्थेत घेता येते. अंदमानातील स्वराज द्वीप आणि कर्नाटकातील मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट हेही चांगले पर्याय आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात डाइव्हिंग बंद असते आणि एरवीही पाणी बरेचदा गढूळ असते. पण गढूळ पाण्यात शिकलेल्याला बोनेअरच्या स्वच्छ पाण्यात वावरणे सोपेच जाते.

प्रमाणपत्र हाती आल्यावर लगेच कॅमेरा घेऊन उतरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आधी काही डाइव्ह रिकाम्या हातांनी कराव्यात आणि त्यांत बॉयन्सी, म्हणजे पाण्यात ना वर जाता ना खाली बुडता एका पातळीवर तरंगत राहण्याची क्षमता, पक्की करावी. कमरेला आवश्यकतेपेक्षा जास्त वजने बांधणे ही नवख्यांची सर्वसाधारण सवय असते. जास्त वजन म्हणजे जॅकेटमध्ये, म्हणजे हवा भरून किंवा सोडून तरंगणे साधायच्या अंगरख्यात, जास्त हवा, आणि जास्त हवा म्हणजे खोलीत झालेल्या प्रत्येक लहान बदलाबरोबर वर-खाली होणारे शरीर. म्हणून वजन नीट तपासून घ्यावे : टाकी जवळजवळ रिकामी असताना पाच मीटरवर, जॅकेटमध्ये हवा न भरता, स्थिर राहता आले पाहिजे. त्यानंतर केवळ श्वासावर शरीर वीतभर वर आणि वीतभर खाली नेण्याचा सराव करावा. मॅक्रो चित्र घेताना हेच नियंत्रण कामी येते, कारण त्या वेळी दोन्ही हात कॅमेऱ्यावर असतात आणि टेकायला काहीही नसते. श्वास मात्र कधीही रोखून धरू नये. दाबाखालची हवा फुप्फुसात कोंडून वर येणे जीवघेणे ठरू शकते. तो संथ करावा, थांबवू नये.

पाय मारण्याची पद्धतही बदलावी लागते. सायकलसारखे वर-खाली पाय मारले की तळाची वाळू उडते आणि चित्रात पांढरे ठिपके येतात. त्याऐवजी बेडकासारखे पाय बाजूंना फाकवून मागे ढकलण्याची रीत, म्हणजे फ्रॉग किक, शिकावी. तिच्याच उलट हालचालीने मागे सरकता येते. मागे सरकता येणे नवख्यांना किरकोळ वाटते. प्रत्यक्षात चित्र घेऊन झाल्यावर प्रवाळाला धक्का न लावता बाहेर पडण्याचा बहुतेक वेळा तोच एक मार्ग असतो.

दुसरी पायरी : कॅमेरा आणि दिवे

सुरुवातीला मोठ्या खर्चात पडू नये. ओलिंपसने सुरू केलेल्या आणि आता ओएम सिस्टिम या नावाने विकल्या जाणाऱ्या टीजी मालिकेतील कॉम्पॅक्ट कॅमेरे नवख्या मॅक्रो छायाचित्रकारांत लोकप्रिय आहेत, आणि तसे असणे रास्त आहे. त्यांच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये भिंगापासून एक सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही फोकस होतो. नुसता कॅमेरा १५ मीटरपर्यंत जलरोधक असला तरी डाइव्हिंगसाठी त्याचे ४५ मीटर क्षमतेचे हाउसिंग, म्हणजे कॅमेरा आत बसवायची जलरोधक पेटी, घ्यावेच. हाउसिंगमध्ये पाणी शिरले तरी आतला कॅमेरा तग धरण्याची शक्यता राहते, हा दुहेरी संरक्षणाचा फायदा नवख्यासाठी मोलाचा आहे.

ज्यांच्याकडे आधीच मिररलेस किंवा डीएसएलआर कॅमेरा आहे, त्यांनी त्याचे हाउसिंग, सपाट काचेचा पोर्ट (लेन्सपुढची खिडकी) आणि मॅक्रो लेन्स असा संच जमवावा. साधारण ६० मिमीची लेन्स विषयाच्या खूप जवळ न्यावी लागते, पण तिच्यात फोकस मिळवणे सोपे असते. ९० ते १०५ मिमीच्या लेन्सने थोडे दूर राहून बुजऱ्या जिवांची चित्रे घेता येतात, पण मध्ये पाणी जास्त येते आणि चौकटीत विषय शोधणे अवघड जाते. सुरुवात लहान लेन्सने करणे मला अधिक पटते.

दिव्यांना मात्र पर्याय नाही. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते; पाच-सहा मीटरवरच लाल मंदावतो आणि पंधरा मीटरवर लालभडक स्पंजसुद्धा करडा-तपकिरी दिसतो. तो रंग परत आणण्यासाठी स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा बाहेरचा फ्लॅश, किंवा व्हिडिओ लाइट लागतो. एका स्ट्रोबवरही उत्तम मॅक्रो चित्रे निघतात, कारण विषय लहान असतो आणि दिवा जवळ असतो. याशिवाय फोकस साधण्यासाठी एक मंद टॉर्च असावा. त्यात लाल प्रकाशाची सोय असली तर अधिक चांगले. अनेक कोळंब्या आणि मासे लाल उजेडाने कमी बिचकतात.

हाउसिंगचा सगळा भरवसा ओ-रिंग नावाच्या एका रबरी कड्यावर असतो. त्यावर एखादा केस, वाळूचा कण किंवा टॉवेलचा धागा राहिला तरी दाबाखाली पाणी आत शिरते. प्रत्येक वेळी ते कडे काढून स्वच्छ करावे, बोटाने फिरवून तपासावे आणि ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. नवे हाउसिंग पहिल्यांदा कॅमेऱ्याविना, आत कोरडा टिश्यू कागद ठेवून पाण्यात नेऊन आणावे. कॅमेरा हाउसिंगमध्ये शक्यतो वातानुकूलित खोलीत बंद करावा आणि सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी. दमट हवेत बंद केलेल्या हाउसिंगच्या काचेवर थंड पाण्यात आतून धुके धरते.

तिसरी पायरी : बेटावर पोहोचल्यावर

बोनेअरला अॅमस्टरडॅमहून आणि अमेरिकेतील काही शहरांतून थेट विमाने आहेत, त्यामुळे युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रवास अवघड नाही. भारतातून जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : बेट नेदरलँड्सचे असले तरी ते शेंगेन क्षेत्रात येत नाही, म्हणून कॅरिबियन भागासाठीचे व्हिसाचे नियम तिकीट काढण्यापूर्वीच नेदरलँड्सच्या वकिलातीकडून समजून घ्यावेत. हे बेट चक्रीवादळांच्या नेहमीच्या मार्गाच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षभर जाता येते. पाण्याचे तापमान साधारण २६ ते २९ अंश सेल्सिअस असते. हे वाचून पातळ टी-शर्टवर भागेल असे वाटते, पण मॅक्रो छायाचित्रकार पाण्यात तासभर जवळजवळ निश्चल असतो आणि हालचाल नसली की अंग लवकर गारठते. तीन मिलिमीटरचा पूर्ण वेटसूट घालावा.

बेटाभोवतीचा समुद्र १९७९ पासून सागरी उद्यान म्हणून संरक्षित आहे. भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचे सगळे पाणी या उद्यानात मोडते आणि स्टिनापा ही संस्था त्याची व्यवस्था पाहते. पाण्यात उतरण्यापूर्वी निसर्ग शुल्क भरून त्याची पावती जवळ ठेवावी लागते आणि एखाद्या डाइव्ह केंद्रात नियमांची माहिती घेऊन पहिली चाचणी डाइव्ह करावी लागते. ही चाचणी डाइव्ह उपचार समजू नये. नव्या पाण्यात, नव्या टाकीबरोबर वजन किती लागते हे तिथेच कळते, आणि म्हणून तिला कॅमेरा न्यायचा नाही.

उद्यानाचे काही नियम छायाचित्रकाराला थेट लागू पडतात. हातमोजे घालण्यास मनाई आहे, कारण हातमोजा चढला की हात नकळत प्रवाळाला धरू लागतो. नांगर टाकण्यास बंदी आहे. काहीही उचलून आणायचे नाही, अगदी मेलेला शंखसुद्धा. प्रवाळाला अपायकारक ठरणारी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने असलेले सनस्क्रीन बेटावर नेऊ नये. पूर्ण बाह्यांचा पोशाख हा त्याहून चांगला उपाय आहे. २०२३ मध्ये येथे दगडी प्रवाळांच्या ऊती झिजवणारा रोग पोहोचला आणि मेंदूच्या घड्यांसारखे दिसणारे प्रवाळ त्याला मोठ्या प्रमाणात बळी पडले. त्यामुळे डाइव्ह केंद्रे साहित्य जंतुनाशक द्रावणात धुण्यास सांगतात. त्यात जॅकेट आणि बूटही बुडवावेत, आणि एखादी जागा बंद असल्याचे सांगितले असेल तर तिथे जाऊ नये. हा रोग पाण्यातून आणि साहित्यावरून पसरू शकतो, तेव्हा एवढी काळजी पाहुण्याने घेतलीच पाहिजे.

चौथी पायरी : किनाऱ्यावरून पाण्यात उतरणे

बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्यापारी वाऱ्यांचा आडोसा असल्याने पाणी शांत असते. पूर्व किनारा लाटांचा आहे आणि नवख्याने तिकडे उतरू नये. पश्चिमेच्या रस्त्यावर ठिकठिकाणी पिवळे रंगवलेले दगड दिसतात आणि त्यांवर डाइव्हच्या जागेचे नाव लिहिलेले असते. बहुतेक जण त्यासाठी पिकअप गाडी भाड्याने घेतात. गाडीत मोबाइल, पैसे, पारपत्र असे काहीही ठेवू नये. उभ्या गाड्यांतून चोऱ्या होतात, आणि म्हणूनच तेथे काचा उघड्या आणि गाडी रिकामी ठेवण्याचा प्रघात आहे.

किनारा वाळूचा नसून बरेचदा जुन्या प्रवाळाच्या खडबडीत, धारदार दगडांचा असतो. जाड तळव्याचे बूट हवेतच. पाण्यात उतरताना कॅमेरा गळ्यात अडकवू नये. तो दोरीच्या कडीने जॅकेटला अडकवावा, किंवा एकाने आधी कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभे राहावे आणि दुसऱ्याने दोन्ही कॅमेरे त्याच्या हाती द्यावेत. फिन्स, म्हणजे पायांत घालायची वल्ही, पाण्यात उभे राहून, सोबत्याचा खांदा धरून चढवाव्यात. तळावर लांब काट्यांचे काळे समुद्री साळू असू शकतात, तेव्हा पाऊल टाकण्यापूर्वी मास्क लावून खाली एकदा पाहावे.

पोहून निघण्यापूर्वी मागे वळून किनाऱ्यावरची खूण नीट पाहावी आणि होकायंत्रावर दिशा लावून घ्यावी. प्रवाह कोणत्या बाजूला आहे ते पाण्यातल्या समुद्रपंख्यांच्या, म्हणजे पंख्यासारख्या पसरलेल्या मऊ प्रवाळांच्या, डोलण्यावरून कळते. पहिला अर्धा वेळ प्रवाहाच्या विरुद्ध जावे, म्हणजे परतताना, दमलेले असताना, तो साथ देतो. हवेचे गणितही डोक्यात पक्के असावे. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो, त्यामुळे दहा मीटरवर पृष्ठभागाच्या दुप्पट आणि वीस मीटरवर तिप्पट हवा लागते. बोनेअरमध्ये किनाऱ्यापासून आठ-दहा मीटर खोलीपर्यंत वाळू आणि प्रवाळाच्या तुकड्यांचा सपाट पट्टा असतो आणि तिथून पुढे उतार सुरू होतो. बहुतेक पाणबुडे हा पट्टा घाईने ओलांडून खोल निघून जातात. मॅक्रो छायाचित्रकाराने तो ओलांडू नये. तिथे उजेड भरपूर असतो, हवा दीर्घकाळ पुरते आणि लहान जीवांची वस्तीही सर्वांत दाट असते.

पाचवी पायरी : कोणाला कुठे शोधावे

नवख्याने सुरुवात स्थिर जिवांपासून करावी, आणि त्यासाठी फ्लेमिंगो टंग ही गोगलगाय मला सर्वांत योग्य वाटते. ती समुद्रपंख्यांवर आणि त्यांच्या जातीच्या मऊ प्रवाळांवर चरते, अडीच-तीन सेंटिमीटरची असते आणि कुठेही पळून जात नाही. तिच्या अंगावरचे काळ्या कडांचे केशरी ठिपके कवचाचे नसून कवचावर पांघरलेल्या जिवंत मांसल पडद्याचे असतात. स्पर्श झाला की तो पडदा आत ओढला जातो आणि उरते ते साधे फिकट कवच. पूर्वी अनेक पर्यटक ठिपक्यांच्या मोहाने ती उचलून नेत आणि घरी पोहोचेपर्यंत त्यांच्या हातात रंगहीन शिंपला राहत असे. चित्र घेताना ठिपक्यांची कडा स्पष्ट आली आहे की नाही हे पाहावे. त्यावरून आपला फोकस कितपत साधतो हे लगेच कळते.

त्यानंतर ख्रिसमस ट्री वर्म. दगडी प्रवाळात रुतलेल्या नळीतून वर आलेले दोन रंगीत, चक्राकार तुरे दिसतात. ते दोन्ही एकाच अळीचे असतात आणि श्वसन व अन्न पकडणे ही दोन्ही कामे त्यांच्यामार्फत चालतात. सावली पडली किंवा पाणी हलले की ते क्षणार्धात आत जातात. म्हणून वरून जाऊ नये, बाजूने आणि खालच्या पातळीवरून, बुडबुडे तिच्या दिशेने न सोडता जावे. ती आत गेलीच तर जागचे हलू नये. फोकस तिथेच ठेवून शांत थांबले की साधारण मिनिटभरात तुरे पुन्हा हळूहळू उलगडू लागतात, आणि अर्धवट उलगडलेल्या अवस्थेतले चित्र कित्येकदा पूर्ण तुऱ्याहून देखणे येते.

समुद्रफुलांपाशी, म्हणजे तळाला चिकटून राहणाऱ्या, फुलासारख्या दिसणाऱ्या अॅनिमोन या प्राण्यांपाशी, थांबणे कधीही वाया जात नाही. कॉर्कस्क्रू अॅनिमोनच्या पिळदार, पारदर्शक भुजांमध्ये पेडरसन कोळंबी राहते. तिचे अंग काचेसारखे पारदर्शक, त्यावर जांभळ्या-निळ्या रेघा आणि लांब पांढऱ्या मिशा. मासा जवळ आला की ती मिशा आणि अंग डोलवून त्याला बोलावते आणि त्याच्या अंगावरचे परजीवी टिपून खाते. माशाला यायला वाव राहील इतके मागे राहून थांबल्यास एखादा मासा तोंड आणि कल्ले उघडून स्थिर उभा राहतो आणि कोळंबी थेट त्याच्या तोंडात शिरते. असे चित्र मिळवायचे तर एक अख्खी टाकी त्या एका समुद्रफुलासाठी राखून ठेवावी.

मेलेल्या प्रवाळाच्या छिद्रांत ब्लेनी नावाचे इवले मासे राहतात. त्यांचे बाहेर डोकावणारे डोके काडीपेटीतील काडीच्या गुलाएवढे असते, त्यामुळे ते पहिल्यांदा दिसत नाहीत. एक दिसला की मात्र त्याच दगडावर आणखी पाच-सहा दिसू लागतात. डोळ्यांवरचे तुरे आणि सतत फिरणारे बुबुळ यांमुळे त्यांच्या चेहऱ्याला विलक्षण जिवंतपणा असतो. वाळूच्या पट्ट्यात पिवळ्या डोक्याचा जॉफिश आपल्या बिळावर उभा तरंगताना आढळतो आणि घाबरला की शेपटीकडून बिळात उतरतो. या जातीत नर अंडी तोंडात सांभाळतो; अधूनमधून ती किंचित बाहेर सोडून पुन्हा आत घेतो, म्हणजे सगळ्या अंड्यांना ताजे पाणी मिळते. तेवढ्या एका क्षणासाठी वाळूवर अंग न टेकता, बिळापासून दीड-दोन मीटरवर आधी थांबावे आणि तो सरावला की वीत-वीत पुढे सरकावे. त्याने बिळात बुडी मारली तर तितके मागे यावे.

लेट्यूस स्लग ही कोबीच्या झालरीसारख्या कडांची समुद्री गोगलगाय उथळ, उन्हाच्या जागी शोधावी. ती शैवालातील हरितलवके पचवून न टाकता आपल्या अंगात साठवते आणि ती तिच्या शरीरात काही काळ प्रकाशसंश्लेषण करत राहतात. बाणासारख्या तोंडाचा अॅरो क्रॅब हा खेकडा स्पंजांवर सहज सापडतो. समुद्रघोडे आणि फ्रॉगफिश मात्र स्वतः शोधून सापडतील अशी अपेक्षा सुरुवातीला ठेवू नये. एकाच जागी दीर्घकाळ राहणारे हे जीव स्थानिक वाटाड्यांना ठाऊक असतात, त्यामुळे एखादा दिवस त्यांच्याबरोबर जाणे फायद्याचे ठरते. वाटाडा जीव कुठे शोधतो, कोणता स्पंज टाळतो, कोणत्या फटीत टॉर्च टाकतो, हे पाहून पुढचे शोध स्वतः करता येतात.

मीठ भरणाऱ्या जहाजांसाठी बांधलेल्या दक्षिणेकडच्या सॉल्ट पियरचे खांब स्पंज आणि प्रवाळांनी मढलेले आहेत आणि मॅक्रोसाठी ती जागा अप्रतिम आहे. जहाज लागलेले असताना तिथे उतरण्यास मनाई असते. रात्रीची डाइव्ह करताना एक खबरदारी घ्यावी. येथील मोठे टार्पन मासे पाणबुड्यांच्या उजेडात शिकार करायला शिकले आहेत, त्यामुळे झोपलेल्या लहान माशावर टॉर्चचा झोत धरून ठेवला तर तो आपल्या डोळ्यांदेखत गिळला जातो.

सहावी पायरी : चित्र घेणे

कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे सगळी मापे स्वतः ठरवण्याच्या पद्धतीवर, ठेवावा. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात सुरुवातीला एफ/१६ छिद्रमान (भिंगातून उजेड येण्याच्या छिद्राचे माप), १/२०० सेकंद शटर आणि आयएसओ २०० (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनक्षमता) हा चांगला मुक्काम आहे. उजेड कमी-जास्त करायचा तो स्ट्रोबच्या ताकदीने. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात छिद्रमानाचे फारसे पर्याय नसतात, तिथे मॅक्रो मोड आणि स्ट्रोब एवढ्यावरच लक्ष द्यावे. इतक्या जवळून चित्र घेताना फोकसमध्ये येणारा थर काही मिलिमीटरचाच असतो, म्हणून तो थर डोळ्यावर पडला पाहिजे. डोळा धूसर असलेले चित्र बाकी कितीही रंगीत असले तरी ठेवू नये, असे मला वाटते.

फोकसची एक खात्रीची रीत आहे. हव्या त्या अंतरावर फोकस एकदा साधून कुलूपबंद करावा आणि मग कॅमेऱ्यासह संपूर्ण शरीर केसभर पुढे-मागे न्यावे. डोळा स्पष्ट झाला की बटण दाबावे. येथेच श्वासावरचे ते नियंत्रण कामाला येते.

स्ट्रोब पोर्टच्या दोन्ही बाजूंना, काचेच्या किंचित मागे ठेवावेत आणि थोडे बाहेरच्या दिशेने वळवावेत. दिवा समोरून सरळ टाकला तर विषय आणि भिंग यांच्यामधले कण उजळतात आणि चित्रावर बर्फ पडल्यासारखे दिसते. एकच स्ट्रोब असेल तर तो वरून, थोडा एका बाजूने लावावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जवळ जावे : मध्ये पाणी जितके कमी, तितके रंग खरे आणि कडा स्पष्ट. पाण्यात वस्तू प्रत्यक्षाहून जवळ आणि सुमारे एकतृतीयांशाने मोठ्या दिसतात, त्यामुळे आपण पुरेसे जवळ आलो आहोत असा भास नेहमी होतो.

कोन निवडताना वरून खाली चित्र घेणे टाळावे. जिवाच्या पातळीवर किंवा त्याहून किंचित खाली जाऊन, मागे मोकळे पाणी येईल अशी चौकट धरली की पार्श्वभूमी काळी किंवा निळी होते आणि आकार उठून दिसतो. मागे गर्दीचा प्रवाळ असेल तर तो जीव कितीही सुंदर असला तरी पुढे जावे आणि त्याच जातीचा दुसरा, मोकळ्या जागेवरचा शोधावा. जिवाला काठीने हलवून मोकळ्या जागी आणणे सर्वस्वी अयोग्य आहे. लहान जिवांना फ्लॅशपेक्षा हाताळण्याचा त्रास अधिक होतो, हे अभ्यासांतूनही दिसून आले आहे. तरीही समुद्रघोड्यासारख्या हळू जिवाची मोजकी चार-पाच चित्रे घेऊन थांबावे. तो पाठ फिरवतो आहे किंवा शेपटीची पकड सोडतो आहे असे दिसले तर त्याआधीच.

चित्रांत गुंतल्यावर हवेच्या मापकाकडे आणि सोबत्याकडे दुर्लक्ष होते. दर काही चित्रांनंतर दोन्हींकडे पाहण्याची सवय लावावी. सोबती शक्यतो असा निवडावा ज्याला स्वतःलाही हळू हिंडायला आवडते. टाकीत ७० बार (मापकावरचे दाबाचे एकक) हवा उरली की परतीला लागावे, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे. बोनेअरच्या उथळ पट्ट्यात ही तीन मिनिटेसुद्धा एखाद्या ब्लेनीपाशी घालवता येतात.

सातवी पायरी : पाण्याबाहेर

बाहेर येताच हाउसिंग गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवावे आणि सगळी बटणे दाबून आतले मीठ निघू द्यावे. ते उघडण्यापूर्वी हात, केस आणि हाउसिंग पुसून कोरडे करावे. केसांतून पडलेला एक खारट थेंब सर्किटला पुरतो. संध्याकाळी चित्रे मोठ्या पडद्यावर पाहावीत आणि प्रत्येक जिवाचे नाव, जागा व खोली त्याच दिवशी लिहून ठेवावी. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर स्पष्ट वाटलेली कित्येक चित्रे तिथे धूसर निघतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जिवाकडे परत जाण्याची संधी बोनेअर देते. उद्या काय सुधारायचे हे त्या रात्रीच ठरवावे.

परतीच्या विमानापूर्वी किमान १८ तास, आणि शक्य असल्यास २४ तास, पाण्यात उतरू नये. सलग अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. तो दिवस उत्तरेकडच्या वॉशिंग्टन स्लागबाई उद्यानात किंवा दक्षिणेच्या गुलाबी मिठागरांवर फ्लेमिंगो पाहण्यात घालवता येतो आणि तोवर साहित्य पूर्ण वाळते. हाउसिंग बंद करून विमानात नेऊ नये. हवेचा दाब बदलल्याने ते नंतर उघडणे कठीण जाते, म्हणून मुख्य ओ-रिंग काढून वेगळ्या पिशवीत ठेवावी. लिथियमच्या बॅटऱ्या हातातल्या सामानात न्याव्यात, त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, आणि मेमरी कार्डांची एक प्रत सोबत्याच्या बॅगेत द्यावी.